माझ्या पाठीचा लघुपट

माझ्या बायकोनं केलेला सात मिनिटांचा लघुपट मी नापास केला. पूर्ण न पाहता केला, वर शेरा मारून केला, आणि तो तिचा आहे हे माहीत नसताना केला. ही शेवटची बाब मी बरेच दिवस बचावासाठी वापरत होतो. चार लोकांना सांगून झाल्यावर लक्षात आलं की तिन्हींत वाईट तीच आहे. म्हणून आता पहिल्यापासून सांगतो.

मी कनिष्ठ महाविद्यालयात वाणिज्य शिकवायचो. निवृत्त झाल्यावर माणसाला काहीतरी व्हावं लागतं, नाहीतर घरचे दळण आणायला पाठवतात. आमच्या नालवाडीच्या कॉलनीत एक जण योगावाले झाले, एक होमिओपॅथीच्या गोळ्या वाटू लागले, एकांनी गच्चीवर वांगी लावली आणि ती सगळ्यांना खायला लावली. माझ्या वाट्याला लघुपट आले. खरं सांगायचं तर मोठा सिनेमा पाहताना मला झोप लागायची. दहा मिनिटांत संपणारा सिनेमा असतो, तो जगभर बनतो आणि घरबसल्या दिसतो हे कळलं तेव्हा मला माझी जागा सापडली.

दर रविवारी सकाळी मी कॉलनीच्या ग्रुपवर यादी टाकायचो. ‘या आठवड्यात दखल घ्यावी असे लघुपट.’ खाली भयपट, विनोदी, माहितीपट, अॅनिमेशन, मूकपट असे रकाने, आणि प्रत्येकाखाली माझं दोन ओळींचं रसग्रहण. उत्तरादाखल जोडलेले हात यायचे. वांगीवाले न चुकता गुलाबाचं फूल पाठवायचे. माझे एक जुने सहकारी दर वेळी विचारायचे, “सर, हे पाह्याचं असन तं कुठी दाबाचं?” मी दर वेळी सांगायचो. त्यांनी एकदाही दाबलं नाही. पण ‘सरांचा अभ्यास मोठा’ असं लोक म्हणू लागले, आणि मलाही ते पटायला वेळ लागला नाही.

अभ्यास अगदीच खोटा नव्हता. मिठाच्या खड्यांतून केलेलं एक अॅनिमेशन मला सापडलं होतं, त्यात मिठाची बाई मिठाच्या नदीवर पाणी भरायला जाते आणि हळूहळू विरघळते. ते पाहून मी खरोखर रडलो होतो. हार्मोनियमचे सूर लावणाऱ्या एका म्हाताऱ्यावरचा माहितीपट होता, त्यात शेवटपर्यंत एकही गाणं वाजत नाही. एक भयपट असा, की रिकाम्या घरात फक्त नळ गळतो. भूत नाही, किंकाळी नाही, नुसता थेंब. मी खुर्चीच्या कडेवर येऊन तो पाहिला. मागून बायको म्हणाली, “वायसर बदलवला असता तं झालं असतं.” एकदा सहा मिनिटं खिडकीशी उभी राहून रडणारी बाई पाहिली. त्यावर तिचा अभिप्राय, “गॅसवर काही ठेवलं असन तं जळलं असन आतापर्यंत.” हे मी मित्रांना हसत सांगायचो. आमच्या घरात एक रसिक आणि एक सामान्य प्रेक्षक आहे, असं म्हणायचो. पण आम्ही दोघं मिळून पाहतो, हेही अभिमानानं सांगायचो. या वयात किती नवरा-बायको संध्याकाळी एकत्र बसून काही पाहतात?

आमचं पाहणं असं. हॉलमध्ये दोन खुर्च्या, समोर टीव्ही. पूर्वी खुर्च्या शेजारी शेजारी होत्या. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मी माझी दोन-अडीच हात पुढे ओढली आणि मग ती तिथेच राहिली. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, तिची नोकरी अजून दोन वर्षं आहे. साडेपाचला ती एसटीतून उतरून घरी येते, हातपाय धुते, चहा ठेवते. तोवर माझा त्या दिवसाचा लघुपट लागलेला असतो. ती कप आणून माझ्या बाजूच्या स्टुलावर ठेवते आणि मागच्या खुर्चीवर बसते. मी म्हणतो, “थांब, दहाच मिनिटं.” हे वाक्य मी किती वेळा म्हटलंय ते मला आता एका भरलेल्या हॉलसकट माहीत आहे.

मागच्या वर्षी जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना फोनवर शैक्षणिक व्हिडिओ कसे करायचे याचं तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं. येताना ती फोन उभा करायचा एक छोटा स्टँड घेऊन आली. चौथीच्या पोरांना घेऊन तिनं पाण्याच्या गुणधर्मांवर काहीतरी केलं आणि मला दाखवलं. मी तिला, तिनं न विचारता, अर्धा तास मार्गदर्शन केलं. फ्रेम म्हणजे काय, मौन म्हणजे काय, कॅमेरा कुठे ठेवायचा म्हणजे काय. “कॅमेरा जिथे ठेवशील तिथे माणूस बसला आहे असं समजायचं,” मी म्हणालो. ती म्हणाली, “बरं.” नंतर तिनं मला काही दाखवलं नाही. मला वाटलं, हौस फिटली.

आता आर्वी. तिथल्या एका मंडळानं लघुपट महोत्सव ठरवला आणि परीक्षक म्हणून मला बोलावलं. मंडळाचे अध्यक्ष निवृत्त तलाठी, त्यांचा जावई आमच्या कॉलनीत राहतो. यादीची कीर्ती तिथून पोचली असणार. एकोणचाळीस लघुपट आले होते. पक्षपात नको म्हणून नावं काढून फक्त क्रमांक दिलेले. त्यातून बारा निवडायचे आणि प्रत्येकावर एक ओळ तरी शेरा लिहायचा. मुदत आठ दिवसांची. मी सात दिवस परीक्षक झाल्याचं लोकांना सांगण्यात घालवले.

आठव्या दिवशी एका सोयरिकीच्या बैठकीला तळेगावला जायचं होतं. म्हणून एकोणचाळीस लघुपट मी एसटीत पाहिले. शेजारी एक बाबाजी खांद्यावर मान टाकून झोपलेले, त्यांची झोपमोड नको म्हणून आवाज बंद. वेळ कमी, म्हणून दुप्पट वेग. कुणालाही हसू येईल. मलाही येतं, पण तेव्हा मी फार गंभीर होतो. शिवाय त्यातले बरेचसे लघुपट वेगानं पाहावेत असेच होते. सामाजिक विभागात प्रत्येक जण पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या, वावरावर ड्रोन उडवून सुरुवात करत होता आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत संदेश देऊन संपवत होता. भयपटांतली भुतं आईची पांढरी साडी नेसून यायची आणि तीसुद्धा जाता जाता ‘झाडे लावा’ सांगायची. एक विनोदी बरा होता, दोन म्हशींच्या अदलाबदलीचा. तो मी निवडला.

तेविसावा आला तेव्हा गाडी पुलगावचा रस्ता सोडून पुढे निघाली होती. पडद्यावर एका माणसाची पाठ. रेघारेघांची बनियन. समोर कसलासा उजेड. बाजूनं एक हात येतो, चहाचा कप ठेवतो. पाठ हलत नाही. मग कपावर साय धरते. हात येतो, कप उचलून नेतो. पुन्हा पाठ, पुन्हा कप. मी दीड मिनिट पाहिलं, दुप्पट वेगात, म्हणजे तुम्हीच हिशेब करा. शेरा लिहिला: ‘कॅमेरा जागचा हलत नाही. पात्र अविश्वसनीय. समोर ठेवलेला चहा थंड होऊ देणारा माणूस आपल्याकडे सापडणार नाही. लेखकाने निरीक्षण वाढवावे.’ शेवटचं वाक्य मला फार आवडलं होतं. ते लिहून मी खिडकीबाहेर पाहिलं आणि स्वतःवर खूश झालो.

त्या आठवड्यात बायको रोज विचारत होती, “कोनते कोनते आले वो?” मला वाटलं, नवऱ्याचं कौतुक आहे. तळेगावहून परतल्यावर मी तिला गमती सांगितल्या. झाडे लावा म्हणणारं भूत, म्हशी, आणि मग तेवीस नंबर. “एकानं तर नुसती पाठ दाखवली. पाठ आणि चहा. दोन मिनिटंही पाहवलं नाही.”

ती पोळ्या करून राहिली होती. तिनं विचारलं, “मंग पुरं पाह्यलंच नाई?”

“गरज नसते. अनुभवी माणसाला पहिल्या मिनिटात कळतं.”

“आवाज आयकला का त्यातला?”

“आवाज कसला, बसमध्ये होतो.”

तिनं तव्यावरची पोळी उलटवली. “बरं,” म्हणाली. त्या दिवशी एक पोळी करपली, ती तिनं माझ्या ताटात वाढली. मी ती खाल्लीसुद्धा, काही न बोलता, आणि स्वतःला समजूतदार समजलो.

महोत्सव रविवारी दुपारी होता. बायको म्हणाली, “मी शाळेतल्या दोघी मॅडमसोबत मागच्या गाडीनं येते, तुमी व्हा पुढे.” मला पुन्हा बरं वाटलं. माझा सत्कार पाहायला ती मैत्रिणींना घेऊन येते आहे, असा माझा समज.

आमच्याकडे दहा मिनिटांचा सिनेमा दाखवायचा तरी आधी दीड तास लागतो. दीपप्रज्वलन झालं, हार झाले, स्वागतगीत झालं, परिचय झाला. माझ्या परिचयात मी जागतिक सिनेमाचा गाढा अभ्यासक निघालो. शाल, नारळ. पहिल्या रांगेत पांढऱ्या कापडानं झाकलेला सोफा, पुढे टेबलावर पाण्याच्या बाटल्या. तिथे मी शाल पांघरून बसलो. माझ्यामागे सगळा हॉल.

निवडलेले बारा झाले. म्हशींवर लोक खूप हसले. मग अध्यक्षांनी माइक घेतला. न निवडलेल्यांचं मन दुखवायचं नाही, ही त्यांची चिंता. “लोकं इतक्या दुरून आले,” ते म्हणाले, “अन् त्याहिचा पिच्चर दिसनारच नाई, तं नास्ता तरी कोन्या तोंडानं देवाचा?” म्हणून मार्गदर्शन सत्र. त्यात बाकीचे सत्तावीस दोन-दोन मिनिटं दाखवणार आणि प्रत्येकाआधी परीक्षकांचा शेरा मोठ्यानं वाचणार. म्हणजे आधी सगळ्यांसमोर माणसाची लाज काढायची, मग त्याला पोहे द्यायचे. यात कुणाचं मन दुखेल असं अख्ख्या मंडळात एकालाही वाटलं नव्हतं. मलाही नाही, माझे शेरे चांगले आहेत, वाचले जावेत असंच मला वाटत होतं.

तेविसाव्याचा शेरा निवेदिकेनं फार छान वाचला. ‘लेखकाने निरीक्षण वाढवावे’ला मागून हशा आला. मी मान किंचित हलवून तो स्वीकारला.

पाठ पडद्यावर आली. बसमध्ये ती फोनएवढी होती, इथे भिंतीएवढी. या वेळी आवाज होता. पंख्याची घरघर, लांबून येणारा भाजीवाल्याचा भोंगा. हात आला, कप ठेवला. आणि तो माणूस म्हणाला, “थांब, दहाच मिनिटं.”

माणसाला स्वतःचा आवाज ओळखू येत नाही. मला वाटलं, कुणाचा आहे हा चिरका आवाज. पडद्यावरच्या माणसानं हातातलं पेन डाव्या कानामागे खुपसलं आणि खाजवलं. नेमकं तेव्हा माझंही पेन माझ्या डाव्या कानामागे होतं. मागच्या रांगेतून एक बाई हळूच म्हणाली, “माय, हे तं सर आहेत वं.”

पुढचं सगळं हॉलला माझ्या आधी कळलं. त्यांच्यासमोर दोन पाठी होत्या, एक पडद्यावर, एक सोफ्यावर, आणि ते आरामात ताडून पाहत होते. माझ्याकडे एकच होती, आणि ती मी आयुष्यात कधी पाहिलेली नव्हती. हशा मागच्या रांगांतून पुढे येत गेला. दुसरा दिवस, वेगळी बनियन, “दहाच मिनिटं.” तिसरा दिवस, “काय फ्रेम आहे, वा. थांब, दहाच मिनिटं.” कपावर साय, हात येऊन कप नेतो. दोन मिनिटांनी थांबवायला हवं होतं, पण लॅपटॉपवर बसलेला गडी पोह्यांच्या लाइनीत जाऊन उभा राहिला होता. त्यामुळे लघुपट चालू राहिला.

मला राग आला, ते कबूल करतो. आधी राग आला. मग तिसऱ्या की चौथ्या कपाला हात नीट पाहिला. बांगडी ओळखली. ती मीच आर्वीच्या बाजारातून आणली होती, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. आणि मग मला मीच दिलेला धडा आठवला, की कॅमेरा जिथे आहे तिथे माणूस बसला आहे असं समजायचं. कॅमेरा तिच्या खुर्चीवर होता. तिच्या खुर्चीवरून टीव्ही दिसत नव्हता. एक कोपरा फक्त, माझ्या कानाच्या बाजूला, त्यात काहीतरी निळं हलत होतं. मिठाची बाई असेल किंवा खिडकीतली. ती नळाबद्दल बोलली होती ते टपटप ऐकून, पाहून नाही. इतकी वर्षं मी जगभरातले लघुपट पाहिले आणि ती माझी पाठ पाहत बसली. मला फार लाज वाटली. इतकी की समोर पाहवेना.

म्हणून मी मागे वळलो. सोफ्यावर अर्धा वळून अंधारात तिला शोधलं. सातव्या-आठव्या रांगेत ती दोघी मॅडमच्या मध्ये बसली होती. हसत नव्हती. मी पाहतोय हे तिला दिसलं. तिनं हात उचलून बोटानं मला खूण केली, पुढे पाहा. मला वाटलं, मला माफ केलं असं सांगतेय. मी पाहतच राहिलो. तिनं पुन्हा खूण केली, जरा चिडून. तोवर हॉल एकदम शांत झाला, कुणीतरी ‘च्’ केलं, आणि टाळ्या वाजल्या. वळून पाहिलं तर पडदा काळा. शेवट झाला होता.

मी माइकवर गेलो. म्हणालो, तेविसाव्याचा शेरा मी मागे घेतो. असा माणूस सापडतो, नालवाडीत राहतो. त्यावर जोरात टाळ्या पडल्या, लघुपटाला पडल्या त्याहून जास्त. लोक म्हणाले, सरांचं मन मोठं. अध्यक्षांनी गहिवरून तिला मंचावर बोलावलं. मंडळाकडे शाल उरली नव्हती, म्हणून माझ्याच अंगावरची काढून तिला पांघरली. बाहेर पोहे खाताना चार जणांनी मला गाठून सांगितलं, “सर, शेवट भारी होता.” मी म्हणालो, “हो, शेवट महत्त्वाचा असतो.”

येताना एसटीत आम्ही शेजारी बसलो. सेलू... नाही, गाडी कुठल्या फाट्यावर होती आठवत नाही, तिथे मी विचारलं, “काऊन सांगितलं नाही मले?”

“तुमाले वयखू येते का, ते पाह्याचं होतं.”

“आणि नसतं ओळखू आलं तर?”

“नाईच आलं ना,” ती म्हणाली, आणि शाल नीट घडी करून पिशवीत ठेवली.

घरी पोचल्यावर मी टीव्ही लावला नाही. माझी खुर्ची ओढून पुन्हा मागे तिच्या खुर्चीशेजारी नेली. असं काही केलं की बाईमाणूस विरघळतं, असं मी पाहिलेल्या किमान तीन लघुपटांत होतं. तिनं खुर्चीकडे एकदा पाहिलं आणि भांडी घासायला गेली. मी म्हणालो, “शेवट दाखव ना. मला दिसला नाही.”

आतून ती म्हणाली, “थांबा, दहाच मिनिटं.”

मी थांबलो. तिच्या खुर्चीवर बसलो. तिथून स्वयंपाकघर दिसतं, हे मला माहीत नव्हतं. तिनं भांडी घासली, सकाळसाठी मटकी भिजत घातली, गॅस पुसला, दुसऱ्या दिवशीच्या डब्याची भेंडी धुऊन पसरली. ती दहा मिनिटं तासाभराची होती. मला तिची पाठच दिसत होती. ओट्यापासून माठापर्यंत जाताना ती डावा पाय जपून टाकत होती. वळताना आधी ओट्याला हात लावायची, मग वळायची. माठाशी वाकताना खाली बसायचीच नाही, कमरेतून वाकायची. सवयीनं करत होती, रोजच्यासारखं.

“पायाला काय झालं?” मी विचारलं. “आज हॉलमध्ये लागलं का?”

ती माठावर झाकण ठेवत होती. वळली नाही.

“गुडघा हाय,” ती म्हणाली. “दोन वर्ष झाले.”